शंभर-दोनशे नगांचं प्रॉडक्ट: पार्टचे पैसे वाचवायचे की डिझाइनचे तास?

पर्वतीकर

मंडळी, नमस्कार.

वर्षाला शंभर, दोनशे, फार तर पाचशे नग जातील अशा इलेक्ट्रॉनिक वस्तू पुण्यात पुष्कळ ठिकाणी बनतात. सातारा रोडची इलेक्ट्रॉनिक इस्टेट, भोसरी एमआयडीसी, नऱ्हे-धायरीकडचे छोटे गाळे. कोणी डेअरीसाठी तापमान नोंदवणारं यंत्र करतं, कोणी प्रेसवर बसवायचा काउंटर, कोणी शेतपंपाचा मोबाइल स्टार्टर. अशा बोर्डांचं डिझाइन तपासून देणं हे माझं काम आहे, आणि एक वाक्य सगळीकडे ऐकू येतं: "हे मॉड्यूल एकशे ऐंशीचं आहे, आपण हेच सत्तरमध्ये बनवू."

बनेल, त्यात शंका नाही. पण त्याला किती तास लागतील हे त्या बैठकीत कोणी मांडत नाही, म्हणून हा धागा.

हिशेब मांडून बघू. डिझाइन इंजिनीअरला महिना ६०,००० पगार धरा. पीएफ, जागेचं भाडं, वीज, ऑसिलोस्कोपची झीज, सुट्ट्या हे सगळं धरलं की तो माणूस महिन्याला लाखाच्या घरात पडतो. त्यातून प्रत्यक्ष डिझाइनवर बसून केलेलं काम १२५ तास निघालं तरी पुष्कळ. उरलेला वेळ व्हेंडरचे फोन आणि जुन्या मालाच्या तक्रारी खातात. म्हणजे तासाला ८०० रुपये.

आता ते १८० रुपयांचं मॉड्यूल, म्हणजे २४ व्होल्टचे ५ व्होल्ट करणारं तयार सर्किट. सुटे पार्ट घेऊन तेच सर्किट ७० रुपयांत होतं, म्हणजे नगामागे ११० वाचतात. त्यासाठी रेग्युलेटर निवडणं, इंडक्टर निवडणं, लेआउट (बोर्डावर पार्ट आणि ट्रॅक मांडणं), नमुना, लोडवर चालवणं, उन्हाळ्यात बंद डब्यात किती तापतो ते बघणं, इनपुटला झटका बसला तर काय होतं ते बघणं, असे ६० तास सहज जातात. ४८,००० रुपये झाले. नमुन्याच्या बोर्डांच्या दोन फेऱ्या आणि त्यांचे पार्ट मिळून १२,००० धरा. एकूण ६०,०००. भागिले ११०, म्हणजे ५४५ नग.

वर्षाला २५० नग जात असतील तर पैसे वसूल व्हायला दोन वर्षांच्या वर लागतात. एवढ्या काळात गिऱ्हाईक डिस्प्ले बदलायला सांगतं, मोडेम बदलतं, बोर्ड नव्याने काढावा लागतो. शिवाय ते ६० तास जिथे लागले असते, म्हणजे फर्मवेअरमध्ये (चिपमधल्या प्रोग्राममध्ये) किंवा पुढच्या ऑर्डरच्या कामात, ते काम मागे पडलं त्याची किंमत या आकड्यात धरलेलीच नाही.

कमी नगांच्या वस्तूत सगळ्यात महाग पार्ट म्हणजे इंजिनीअरचा तास, आणि बीओएमच्या, म्हणजे पार्ट आणि त्यांच्या किमतींच्या, तक्त्यात त्याची ओळ नसते, असं माझं स्पष्ट मत आहे. तुमचे अनुभव लिहा. मतभेद असतील तर आकड्यांसकट लिहा.

चाकणकर

धागा आवडला. मी चाकणला गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये आहे, म्हणून दुसरी बाजू सांगतो.

आमच्याकडे एखाद्या बोर्डाचे वर्षाला पाच लाख नग जातात. एका रेझिस्टरची जागा वाचली, एक रुपया वाचला, की पाच लाख रुपये. त्या एका रुपयासाठी दोन इंजिनीअर महिनाभर बसले तरी परवडतं. दरवर्षी गिऱ्हाईक कंपनी दर कमी करून मागते, मग व्हीएव्हीईच्या (काम तेच ठेवून खर्च कमी करण्याच्या) बैठका होतात आणि पांढऱ्या फळ्यावर एकेक कॅपॅसिटर खोडला जातो. या पद्धतीत चूक काही नाही, त्या आकड्यांना ती शोभते.

अडचण पुढे येते. पुण्यातले बरेचसे छोटे उद्योजक अशाच कंपन्यांतून बाहेर पडलेले आहेत. स्वतःचा गाळा टाकतात आणि दीडशे नगांच्या वस्तूवर तीच सवय लावतात. पैशा-पैशाचे रेझिस्टर खोडत बसतात. मी माझ्या जुन्या सहकाऱ्यांना हे तोंडावर सांगितलंय.

एक भर घालतो. मोठ्या कंपनीत पार्ट बदलला की त्याची पडताळणी करायला वेगळा विभाग असतो. छोट्या गाळ्यात तोच माणूस सर्किट काढतो, तोच टेस्ट करतो आणि तोच गिऱ्हाइकाचा फोन घेतो. त्यामुळे ६० तास हे कॅलेंडरवर दीड-दोन महिने होतात.

नवी_सुरुवात

पर्वतीकर सर, एक प्राथमिक प्रश्न. मी एकटीच काम करते, पगार घेत नाही. दूध संकलन केंद्रांवरच्या बल्क कूलरसाठी (दूध थंड ठेवणाऱ्या टाकीसाठी) तापमान नोंदवणारं यंत्र करतेय. १२० नगांची ऑर्डर आहे. माझ्यासाठी तासाचा दर शून्यच धरायचा ना? मग सुटे पार्ट लावणं मला तरी फायद्याचं ठरेल.

पर्वतीकर

ताई, प्राथमिक अजिबात नाही, हाच मुख्य प्रश्न आहे. दर शून्य धरू नका.

तुमच्या हातात आज ठरावीक तास आहेत. ते पॉवर सप्लायवर घातले तर सेन्सरच्या अचूकतेवर घालता येणार नाहीत. दूध ४ अंशांना थंड ठेवायचं असतं. केंद्रावरच्या माणसाला तुमच्या यंत्रातून हवंय ते एवढंच, की चार म्हटलं तर ते चारच असावं आणि रात्री वीज गेली तरी नोंद राहावी. तिथे तुमची हुशारी लागणार आहे. २४ व्होल्टचे ५ व्होल्ट करणं हे जगात हजारो लोकांनी करून विकायला ठेवलंय, ते विकत घ्या.

दर ठरवायचा सोपा मार्ग सांगतो. हेच काम तुम्ही दुसऱ्या कोणाला करून दिलं असतं तर तासाचे किती मागितले असते? तो आकडा धरा. माझ्या ओळखीत एकट्याने काम करणारे बरेच जण हा आकडा धरत नाहीत, आणि तीन वर्षांनी त्यांचं प्रॉडक्ट चाललेलं असतं पण हातात पैसे नसतात. तेव्हा दोष पार्टच्या किमतीला दिला जातो.

शेतपंप

आमचा धंदा पंप कंट्रोलरचा. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, थोडा दौंड-बारामतीकडे माल जातो. पर्वतीकरांच्या हिशेबात मला एक ओळ वाढवायची आहे: फेरी.

बोर्ड बंद पडला की माणूस पाठवावा लागतो. पेट्रोल, त्याचा दिवस, नवा बोर्ड, सगळं मिळून दोन हजारांच्या खाली भागत नाही. आमचा अख्खा बोर्ड साधारण तेवढ्यातच तयार होतो. म्हणजे एक फेरी गेली की त्या नगावर मिळवलेलं सगळं गेलं.

परत आलेले डबे मी स्वतः उघडून बघतो. पंपाच्या पेटीत काय असतं हे पुण्यात बसून कळत नाही. टर्मिनलच्या मागे मुंग्यांनी आणलेली माती. दोन फेजच्या ट्रॅकवर आडवी पडून जळालेली पाल. पावसाळ्यानंतर कनेक्टरच्या पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर. बोर्डावर संरक्षक कोटिंग मारायला नगाला पंधरा-वीस रुपये पडतात, आणि अगदी सुरुवातीला आमच्या हिशेबनीसाने तेच कापायला सांगितलं होतं. आम्ही कापलं नाही.

दुसरं, पॉवर सप्लाय. पेटीत तीन फेज असतात, न्यूट्रल बऱ्याचदा नसतोच. सप्लाय दोन फेजमधून घ्यावा लागतो, म्हणजे ४१५ व्होल्ट, आणि रात्री लोड कमी झाला की त्याहून वर. बाजारात मिळणारं छोटं एसी-डीसी मॉड्यूल २६४ व्होल्टपर्यंतचं असतं, ते इथे चालत नाही. मग स्वतः एसएमपीएस (वेगाने चालू-बंद करून व्होल्टेज उतरवणारा सप्लाय) करायचा विचार येतो. ५०० व्होल्ट एसी धरले तर रेक्टिफायरनंतर ७०० व्होल्ट डीसी. एक कॅपॅसिटर तेवढा सोसत नाही, दोन मालिकेत लावून त्यांच्यावरचा व्होल्टेज सारखा वाटायला रेझिस्टर द्यावे लागतात. मॉसफेट (चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) हजार व्होल्टच्या वरचा. ट्रॅकमधलं अंतर वाढतं. फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मर स्वतः वाइंड करून घ्यायचा.

आम्ही ते केलं नाही. ४४० व्होल्टचा साधा लोखंडी ट्रान्सफॉर्मर इथल्याच वाइंडरकडून करून घेतो. जड आहे, जागा खातो, एसएमपीएसपेक्षा महागही पडतो. पण डिझाइनचा खर्च जवळपास शून्य आणि विजेचे झटके तो निमूट सोसतो.

अनुनाद

शेतपंप, छान लिहिलंत. एमओव्ही (विजेचा झटका अंगावर घेणारा पार्ट) कितीचा लावता? बरेच जण २७५ व्होल्टचा लावतात आणि न्यूट्रल तुटला की तो जळतो. एमओव्ही क्षणभराच्या झटक्यासाठी असतो, तासभर चढलेला व्होल्टेज त्याला सोसत नाही.

शेतपंप

दोन फेजमध्ये ५१० व्होल्टचा, आणि त्याच्या आधी फ्यूज. २७५ चा आमच्याकडे चालणारच नाही.

मोजमाप

थोडा विरोध नोंदवतो. हे सगळं ऐकायला बरं वाटतं, पण बाजारात आम्ही डीलरमार्फत विकतो. बोर्डात शंभर रुपये वाढले की आमचा नफा, डीलरचा नफा, वर १८ टक्के जीएसटी लागून गिऱ्हाइकाच्या हातात ते अडीचशेच्या पुढे जातात. समोरचा स्पर्धक तीनशेने स्वस्त असला की डीलर आमचा डबा मागच्या फळीवर ठेवतो. इंजिनीअरचा पगार तर महिना संपला की द्यायचाच आहे, त्याला बसवून पार्ट कमी केले तर बिघडलं कुठे?

पर्वतीकर

तुमचा पहिला मुद्दा खरा आहे आणि माझ्या हिशेबात तो यायला हवा होता. विक्रीची किंमत खर्चावर टक्केवारी लावून ठरत असेल तर पार्टचा एक रुपया बाजारात अडीच होतो. अशा वेळी नगामागची बचत मोठी धरा आणि पुन्हा भागाकार करा. वरच्या उदाहरणात १८० च्या मॉड्यूलमुळे विक्री खरोखर घटत असेल तर ५४५ हा आकडा बराच खाली येईल. मात्र किंमत बाजाराने आधीच ठरवलेली असेल आणि तुम्ही त्याच किमतीला विकत असाल, तर शंभर रुपये म्हणजे शंभरच, गुणाकार लागत नाही. हे दोन प्रकार वेगळे ठेवायला हवेत.

दुसरा मुद्दा मला पटत नाही. पगार द्यायचाच आहे म्हणून तास फुकट होत नाही. त्याच तासात त्याने दुसरं काय केलं असतं हे बघा. तुमच्याकडे करायला दुसरं कामच नसेल तर गोष्ट वेगळी. पण छोट्या उद्योगात फर्मवेअरमधल्या दोषांची यादी रिकामी आहे असं मी कुठे बघितलेलं नाही.

जुन्नरी

वेगळं उदाहरण देतो, आमच्या भागातलं. खोडदची जीएमआरटी, रेडिओ दुर्बीण. नग किती? ३० डिश. इतक्या कमी नगांना इंजिनीअरिंगवर खर्च करू नये असं कोणी म्हटलं असतं तर ती दुर्बीण उभीच राहिली नसती.

एकेक डिश ४५ मीटर व्यासाची. नेहमीच्या पद्धतीने भरीव पत्रा आणि जड सांगाडा वापरून ती केली असती तर लोखंड आणि वाऱ्याचा भार दोन्ही आवाक्याबाहेर गेले असते. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी वेगळी रचना मांडली: स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारेची जाळी, दोरांसारख्या ताणलेल्या तारांवर बसवलेली. मीटरभर लांबीच्या रेडिओ लहरींना ती जाळी आरशासारखी वाटते आणि वारा मात्र आरपार जातो. वजन घटलं, भार घटला, पाया घटला, फिरवणाऱ्या मोटरी लहान झाल्या.

इथे डोकं भरपूर खर्च झालं आणि नग फक्त ३० होते. म्हणून "कमी नग असले की तयार वस्तू घ्या" हा सरसकट नियम मला पटत नाही.

पर्वतीकर

जुन्नरी, हे उदाहरण धाग्याला हवंच होतं. तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. भागाकारात वरती इंजिनीअरिंगचा खर्च आणि खाली नगामागची बचत असते. खालचा आकडा लाखांत असेल तर ३० नग पुरतात, ११० रुपये असेल तर पाचशेही कमी पडतात. नग कमी असण्यावरून काहीच ठरत नाही, दोन्ही आकडे हातात लागतात.

छोट्या बोर्डातही अशी एखादी जागा सापडते. मोठा डिस्प्ले, मोडेम, बॅटरी, लोडसेल (वजन मोजणारा सेन्सर). बीओएम किमतीच्या उतरत्या क्रमाने लावली की पहिल्या चार-पाच ओळींतच अर्ध्याहून अधिक पैसे दिसतात. डोकं तिथे चालवावं. साध्या एसएमएसच्या कामासाठी भारी 4जी मोडेम लावला असेल तर कॅट-१ वर (4जीच्याच कमी वेगाच्या प्रकारावर) उतरा, त्याचे चांगले पैसे वाचतात. खालच्या चाळीस ओळींतले रेझिस्टर-कॅपॅसिटर सगळे मिळून शंभर रुपये होत नाहीत, तिथे वाचवायला काही नाही.

उलट तिथे ओळी कमी करा. १० किलोओहमचा रेझिस्टर बारा ठिकाणी आणि ५.१ किलोओहमचा एकाच ठिकाणी असेल, तर त्या एका ठिकाणी दहाचे दोन समांतर चालतात का बघा. एक पार्ट वाढला, पण असेंब्लीवाल्याचा एक फीडर (मशीनला पार्ट पुरवणारी जागा) वाचला. ०६०३ आकाराच्या रेझिस्टरची रील पाच हजारांची येते. शंभर बोर्डांना एका व्हॅल्यूचे शंभरच लागले तर उरलेली रील कपाटात पडते आणि पुढच्या वेळी कोणाला सापडत नाही.

अनुनाद

आता माझ्या विषयाकडे येतो, ईएमसी, म्हणजे यंत्राने रेडिओ गोंगाट करू नये आणि बाहेरचा सोसावा. इथे महाग पार्ट घेतला म्हणजे सुटलो असं होत नाही, हे सोदाहरण सांगतो.

तारेवरून डेटा पाठवणारं आरएस-४८५ आयसोलेटेड, म्हणजे दोन्ही बाजूंत विजेची थेट जोडणी नसलेलं, हवं असतं. स्वस्त मार्ग म्हणजे साधी ट्रान्सीव्हर चिप, ऑप्टोकपलर (उजेडातून सिग्नल पलीकडे देणारा पार्ट) आणि वेगळा छोटा डीसी-डीसी सप्लाय. महाग मार्ग म्हणजे एडीएम२५८७ई, एकाच चिपमध्ये सिग्नलचं आयसोलेशन आणि पॉवरसुद्धा. सर्किट इतकं छोटं होतं की कोणालाही मोह पडावा. पण त्या चिपच्या आत एवढासा ट्रान्सफॉर्मर आहे आणि तो १८० मेगाहर्ट्झला चालतो. बोर्डावर आयसोलेशनसाठी दोन्ही बाजूंच्या ग्राउंडमध्ये जी फट ठेवता, तिच्या दोन बाजू अँटेनाच्या दोन दांड्यांसारख्या वागतात. बोर्ड चेंबरमध्ये (चाचणीच्या बंद खोलीत) ठेवला की त्या वारंवारतेला आणि तिच्या पटींना उंच टोकं दिसतात.

उपाय चिप बनवणाऱ्यांनीच सांगितलेला आहे: चार थरांचा बोर्ड घ्या आणि आतल्या दोन थरांतली ग्राउंडची पानं फटीच्या खाली एकमेकांवर चढवा, म्हणजे त्यांच्यात थोडा कॅपॅसिटन्स तयार होतो आणि उच्च वारंवारतेच्या प्रवाहाला परतीची वाट मिळते. दोन थरांच्या बोर्डावर हे नीट जमत नाही.

म्हणजे चिपवर जास्त पैसे देऊन बोर्ड दोन थरांचाच ठेवला तर दोन्हीकडून नुकसान. शंभरेक नगांना दोन आणि चार थरांत नगामागे साठ-सत्तर रुपयांचा फरक धरा, एकूण सात हजार. ईएमसी चेंबरचं भाडं तासावर असतं. एकदा नापास होऊन परत जाणं, मधला लेआउट, नवा बोर्ड, पुन्हा तारीख मिळेपर्यंतचे आठवडे, याचा हिशेब सात हजारांच्या कितीतरी पुढे जातो. पुण्यात एआरएआय या वाहन संशोधन संस्थेकडे, मुंबईत समीर या सरकारी संशोधन संस्थेकडे या चाचण्या होतात. तिथे जाण्याआधी बोर्ड चार थरांचा करा असं मी सगळ्यांना सांगतो. कमी नगांत चार थर ही चैन समजली जाते, ते मला मुळीच मान्य नाही.

नवी_सुरुवात

हे वाचून धडधडायला लागलं, कारण माझ्या यंत्रात आरएस-४८५ आहे आणि वायफायही. वायफायसाठी ईएसपी३२ ची सुटी चिप घ्यावी की झाकण आणि अँटेना असलेलं तयार मॉड्यूल? सुट्या चिपमध्ये नगाला शंभर रुपयांच्या आसपास वाचतील असं वाटतंय.

अनुनाद

१२० नगांना मॉड्यूलच. विचारसुद्धा करू नका.

सुटी चिप घेतली की क्रिस्टल, फ्लॅश आणि अँटेनापर्यंतची वाट हे सगळं तुमच्यावर येतं. अँटेना जुळवायला व्हीएनए (अँटेना मोजायचं उपकरण) लागतो आणि डब्याच्या झाकणासकट मोजावं लागतं, कारण प्लॅस्टिक जवळ आलं की अँटेनाची वारंवारता सरकते. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात वापराचा परवाना लागत नाही, पण उपकरणाला डब्ल्यूपीसीची (केंद्र सरकारच्या वायरलेस विभागाची) ईटीए ही मंजुरी लागते. आधीच चाचणी झालेलं मॉड्यूल असेल तर त्याचे रिपोर्ट घेऊन ते काम बरंच सोपं होतं. खरेदी करण्याआधीच विक्रेत्याकडून ती कागदपत्रं मागून घ्या, नंतर मिळवताना वेळ जातो. १२० गुणिले १०० म्हणजे १२,००० रुपये. एवढ्यात रेडिओची चाचणीही होणार नाही.

एक काळजी घ्या. मॉड्यूलचा अँटेनाकडचा भाग बोर्डाच्या कडेला ठेवा आणि त्याच्या खाली एकाही थरात तांबं नको. डेटाशीटमध्ये आकृती आहे, तशीच्या तशी उतरवा.

चाकणकर

टंचाईचा विषय कोणी काढला नाही म्हणून लिहितो. २०२१ च्या सुमारास चिप मिळेनाशा झाल्या तेव्हा चाकणच्या लाईनी थांबल्या, आणि छोट्यांचे तर फार हाल झाले. एसटीएम३२एफ१०३ या एसटी कंपनीच्या प्रोसेसर चिपसाठी लोक बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीपासून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपर्यंत फिरत होते आणि नेहमीच्या कितीतरी पट भाव देत होते.

बऱ्याच जणांनी जीडी३२एफ१०३ ही दुसऱ्या कंपनीची चिप लावली. पाय तेच, जागा तीच. पण ती चिप १०८ मेगाहर्ट्झपर्यंत चालते, एसटीची ७२. शिवाय तिच्यात फ्लॅशमधून सूचना वाचताना थांबावं लागत नाही, त्यामुळे त्याच क्लॉकवरही प्रोग्राम जलद धावतो. ज्यांनी विलंबासाठी रिकामी लूप फिरवली होती त्यांचा वेळेचा सगळा हिशेब बिघडला. एका ओळखीच्या गाळ्यात वन-वायर तापमान सेन्सर अचानक चुकीचे आकडे दाखवू लागला आणि सगळे सेन्सरवरच संशय घेत राहिले. ज्यांनी हार्डवेअर टायमर वापरले होते त्यांचं काम एका दिवसात झालं.

इंजिनीअरचा तास खर्च करायचाच असेल तर तो अशा ठिकाणी करा. दुसऱ्या कंपनीचा पार्ट बसेल अशी जागा बोर्डावर ठेवणं आणि फर्मवेअर चिपला चिकटू न देणं. यातून लगेच एक पैसाही वाचत नाही, त्यामुळे खर्चाच्या बैठकीत हे कधी येत नाही.

मोजमाप

टेस्ट जिगबद्दल (बोर्ड बसवून तपासायच्या साच्याबद्दल) कोणी हिशेब मांडेल का? आमच्याकडे अजून माणूस मल्टिमीटर घेऊन बसतो.

शेतपंप

आमचा सांगतो. पोगो (स्प्रिंगच्या) पिनांचं जिग, त्याचा छोटा बोर्ड आणि प्रोग्राम मिळून ३५,००० खर्च धरा. २५० बोर्ड वर्षाला, बोर्डामागे पंधरा मिनिटं वाचतात, म्हणजे साधारण ६२ तास. टेक्निशियनचा तास २०० धरला तर साडेबारा हजार. नुसत्या वेळेवर बघितलं तर जवळजवळ तीन वर्षं लागतात आणि बहुतेक जण इथेच जिग नको म्हणतात.

पण जिगवर जे दोष सापडतात ते मल्टिमीटरवर निसटतात. अर्धवट सोल्डर झालेली रिले पिन लोड दिल्याशिवाय कळत नाही. वर्षाला असे आठ बोर्ड बाहेर जायचे थांबले तर आठ फेऱ्या वाचल्या, १६,०००. दोन्ही मिळून २८,५००, म्हणजे सव्वा वर्षात जिग वसूल. आणि शेतकऱ्याचा पंप ऐन पाण्याच्या पाळीत बंद पडत नाही. त्याची किंमत मी धरलेली नाही, पण माझ्यासाठी खरी गोष्ट तीच आहे. एकदा पाळी गेली की कांद्याला पुढचं पाणी कधी मिळेल सांगता येत नाही.

नवी_सुरुवात

सगळ्यांचे मनापासून आभार. डब्याचं काय करू? एकाने साचा करायला सांगितलंय, चार लाखांचं कोटेशन आहे. नग मग ४५ रुपयांत पडेल म्हणतो.

पर्वतीकर

तयार एबीएसचा डबा १४० आणि त्यावर सीएनसीने कापायचे ६० धरा, २०० झाले. साच्यातून ४५. बचत १५५. चार लाख भागिले १५५ म्हणजे जवळपास २,६०० नग. तुमची ऑर्डर १२० ची आहे. साचा नको. बोर्डाची मापं आधी ठरवून मग डबा शोधू नका. आधी बाजारात कायम मिळणारा डबा निवडा, त्याचे स्क्रूचे खांब मोजा आणि बोर्ड त्याप्रमाणे काढा. कूलरशेजारी पाणी उडतं, तेव्हा झाकणाला रबरी गास्केट असलेलाच घ्या आणि केबल ग्लँड खालच्या बाजूने द्या.

पॉवरच्या मॉड्यूलबद्दल एक सुचवतो. बोर्डावर मॉड्यूलच्या शेजारी सुट्या रेग्युलेटरची जागाही काढून ठेवा आणि रिकामी सोडा. लेआउटमध्ये चार-पाच तास जास्त जातील. उद्या ऑर्डर हजारावर गेली तर मॉड्यूल काढून सुटे पार्ट भरता येतील, बोर्ड नव्याने काढावा लागणार नाही. तेव्हाही चाचणी पुन्हा करावी लागेल, ते विसरू नका.

नवी_सुरुवात

हो, तसंच करते. अनुनाद सर, चार थरांचं कोटेशन मागवतेय. व्हेंडरला नेमकं काय लिहून देऊ?

अनुनाद

जाडी १.६ मिमी. थरांचा क्रम: वर सिग्नल, मग ग्राउंड, मग पॉवर, खाली सिग्नल. आयसोलेटेड भागाखाली तिसऱ्या थरातही ग्राउंडच ठेवा, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या थरातली पानं एकमेकांवर चढवता येतील. त्या दोन थरांत इन्सुलेशनची जाडी किती मिळते ते व्हेंडरकडून लेखी घ्या. तुमचा कॅपॅसिटन्स त्यावरच ठरतो, आणि आयसोलेशनचा व्होल्टेज टिकेल का हेही. बोर्ड सुटे मागवू नका, पॅनेलमध्ये (अनेक बोर्ड जोडलेल्या एका पत्र्यात) मागवा, दोन्ही कडांना ५ मिमीची पट्टी आणि मशीनला जागा दाखवणाऱ्या फिड्युशियल खुणा ठेवून. असेंब्लीवाल्याला पॅनेलचं चित्र आधी दाखवा, त्याच्या मशीनला किती मोठं पॅनेल बसतं ते विचारा आणि मगच ऑर्डर द्या. स्टेन्सिल (सोल्डर पेस्ट लावायचा छिद्रांचा पत्रा) त्याच पॅनेलच्या फाइलवरून करून घ्या.